कोल्हापूरला नेलेली चूक

कोल्हापूरहून परत आलं की चार प्रश्न ठरलेले असतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, चपला आणल्या का, रस्सा झेपला का आणि आमचा गूळ कुठे आहे. मला चारही विचारून झाले आणि चारही उत्तरं मी हसतमुखाने दिली. दर्शन झालं. चपला आणल्या, त्या चावतात. रस्सा झेपला नाही. गूळ आळीतल्या तीन घरांत वाटून संपला. पण ज्या कामासाठी शाळेने मला तिकडे धाडलं होतं, त्या शिक्षण परिषदेत काय झालं असं कोणी विचारलं की मी "छान झाली" म्हणायची आणि गुळाकडे वळायची. आता गूळही संपला, तेव्हा सगळं लिहूनच काढते.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवते. गावाचं नाव सांगत नाही. लाज माझी आहे, गावाला तिच्यात ओढायचं कारण नाही. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली आहेत. दिवाळीनंतर मी चौथीच्या वर्गावर गणिताचा आदर्श पाठ घेतला. आदर्श पाठ म्हणजे काय हे शिक्षकांना पक्कं ठाऊक असतं, इतरांसाठी सांगते. मागच्या बाकांवर साहेब आणि पाहुणे बसतात, पुढे आपण शिकवतो, आणि मुलं आजच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी उत्तरं देतात. तालीम आठवडाभर आधीपासून चाललेली असते. एवढं सगळेच करतात. मी एक पाऊल पुढे गेले. सगळ्याच मुलांनी बरोबर उत्तरं दिली तर साहेबांना पाठ बसवलेला वाटेल, म्हणून एका मुलीला मी चुकीचं उत्तर नेमून दिलं.

मुलीचं नाव मंदा. गणित होतं चारशे तीनमधून एकशे अठ्ठावन्न वजा. खरं उत्तर दोनशे पंचेचाळीस. मंदाने उभं राहून सांगायचं, दोनशे सत्त्याऐंशी. मग मी टेबलाखालून काड्यांचे गठ्ठे काढायचे, शंभराचा गठ्ठा सोडून त्याचे दहा-दहाचे गठ्ठे करून दाखवायचे आणि मंदाने म्हणायचं, "आलं लक्षात, बाई!" दोनशे सत्त्याऐंशी हा आकडा मी घरी चहा पिता पिता काढला होता. आधी दोनशे पंचावन्न ठरवलं होतं, पण ते खऱ्या उत्तराच्या फार जवळचं वाटलं. चूक मागच्या बाकापर्यंत पोचायला हवी ना! तालमीच्या पहिल्या दिवशी मंदा म्हणाली होती, "पण बाई, मला येतं उत्तर." मी म्हटलं, "येत असलं तरी तू हेच सांगायचंस."

पाठ रंगला. साहेब खूश झाले. वर्गातली पोरं मंदाला 'सत्त्याऐंशी' म्हणून हाक मारायला लागली, ती हाक एकदा माझ्या कानावर पडली आणि मी चक्क हसले. साहेबांनी सांगितलं, "बाई, ह्यावर निबंध लिहा. कोल्हापूरच्या परिषदेत वाचा." मी 'चुकीतून शिक्षण' असा निबंध लिहिला, प्रश्नोत्तरं मोठ्या अक्षरांत तक्त्यांवर रंगवली, तक्त्यांची गुंडाळी जुन्या धोतरात बांधली आणि आंबा घाटाने कोल्हापूर गाठलं.

मंगळवार पेठ

बाहेरगावच्या शिक्षिकांची सोय पेठेतल्या घराघरांत केली होती. मला आक्काताईंचं घर मिळालं. आक्काताई म्हणजे पन्नाशीच्या, नऊवारीतल्या, आवाज असा की घरातलं बोलणं चौकात ऐकू जावं. दारात पाऊल ठेवायच्या आतच त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. "या पावणं! रस्ता घावला न्हवं? मी मगाधरनं दोनदा कोपऱ्यापातूर जाऊन आलो."

'आलो' ऐकून मी मागे वळून पाहिलं, कोणी पुरुषमाणूस बोललं की काय म्हणून. तिकडे बायका सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं. त्यांच्या तोंडी ते शोभतंही.

आमच्याकडे पाहुण्याला जेवायला घालायचं असलं तरी आडून विचारतात. "जेवून निघाला असाल ना?" असं म्हटलं की पाहुणाही "हो, हो" म्हणतो, मग दोन्ही बाजूंनी थोडं अळंटळं होऊन पान मांडलं जातं. आक्काताईंनी विचारलंच नाही. ताट समोर आलं. मटण, भाकरी, एका वाटीत पांढरा रस्सा, एका वाटीत तांबडा. पांढरा मी सोलकढी समजून प्यायले आणि तो फारच आवडला. तेवढ्यावर माजून तांबडाही तसाच तोंडाला लावला. पुढची पाच मिनिटं मी काय केलं ते आक्काताईंना विचारा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्या शांतपणे म्हणताहेत, "तिखट न्हाय त्यो. तुमच्यासाठनं मी मिरची कमीच टाकल्या."

सकाळी त्या मला गंगावेशीला दूध प्यायला घेऊन गेल्या. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गवळी समोरच धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. दूध कोमट असतं. पहिलवान, म्हातारे, शाळेत निघालेल्या पोरी, सगळे उभ्या उभ्या पितात. आमच्या गायी अंगाने जेमतेम आणि दूध देतील तर चहापुरतं. मी पेला दोन्ही हातांत धरून भाविकपणे प्यायले, ओठांवर मिशी आली आणि आक्काताई खदाखदा हसल्या. तोवर मला कोल्हापूर मनापासून आवडायला लागलं होतं.

घरी आल्यावर त्यांना माझी गुंडाळी दिसली. "ह्यात काय आणलंयसा? देवाची चित्रं?"

मी तक्ते उलगडून भिंतीला टेकवून दाखवले. कोणी कौतुक करणार असेल तर मी कधी मागे राहत नाही. आक्काताई चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट फिरवत त्यांनी प्रश्न वाचला, मंदाचं उत्तर वाचलं, मग थोडा वेळ ओठ हलवून हिशेब केला.

"दोनशे सत्त्याऐंशी? पोरगी लईच येडी दिसत्या की ही."

मी म्हटलं, "लहान आहे हो." आणि तक्ते गुंडाळायला घेतले. ती येडी नाही, तिला मी तसं म्हणायला लावलं, एवढं एक वाक्य त्या स्वयंपाकघरात सांगायला काही हरकत नव्हती. आक्काताईंनी मला खाल्लं नसतं. पण मी गाठ मारत राहिले, आणि गाठ नीट बसत नाही असं दाखवत राहिले.

परिषद

परिषद एका शाळेच्या सभागृहात होती. उद्घाटन, हार, आभार हे सगळीकडे सारखंच असतं, ते गाळते. निबंधवाचनाला सकाळी सुरुवात झाली. सांगलीकडच्या एका बाईंनी मुलांना आठवडी बाजारात नेऊन वजनमापं कशी शिकवली ते सांगितलं. त्यांच्या वर्गातला एक मुलगा भाजीवालीचं तागडं खोटं आहे असं भर बाजारात ओरडला आणि बाईंना पळता भुई थोडी झाली, हे ऐकून सभागृह हसून हसून दमलं. एका गृहस्थांचा निबंध घंटा तीनदा वाजूनही संपेना, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मी वहीत टिपणं घेत होते. बाजाराची कल्पना आपल्याकडे कशी लागू करता येईल, असा शहाण्यासारखा विचारही करत होते.

मग मुजावर गुरुजी उठले. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून कुठेतरी त्यांची एकशिक्षकी शाळा. पायजमा, लांब कोट, डोक्यावर काळी टोपी, पायांत पावसापाण्यात झिजलेल्या चपला. जवळ तक्ता नाही, चित्र नाही. बगलेत एक जाडजूड वही, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मला निबंध लिवाय येत न्हाय. मी निस्ती वही वाचतो."

वहीत त्यांनी मुलांच्या चुका लिहून ठेवल्या होत्या. कित्येक वर्षांच्या. चार रकाने. मुलाचं नाव, प्रश्न, दिलेलं उत्तर, आणि शेवटचा रकाना, 'असं का वाटलं?'

पहिली चूक त्यांनी वाचली ती बावन्नातून सतरा वजा करण्याची. मुलाचं उत्तर पंचेचाळीस. "आमी काय करतो? चूक म्हणून फुली मारतो," गुरुजी म्हणाले. "मी त्येला जवळ घेऊन इचारलं, कसं काय केलंस बाळ? त्यो म्हनला, दोनातनं सात कसं जाईल गुर्जी? म्हणून सातातनं दोन काढलं. पोरानं इचार केला हुता. फुली मारली असती तर मला ते कवाच कळलं नसतं."

मग त्यांनी दुसरी वाचली. म्हशीनं पाच शेर दूध दिलं, तीन शेर विकलं, राहिलं किती? एका मुलीचं उत्तर, 'काय न्हाय.' शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'उरलेलं आम्ही पितो.' सभागृह हसलं. गुरुजी हसले नाहीत, ते आम्ही शांत होण्याची वाट पाहत थांबले. तिसरी भूगोलाची होती. सूर्य कुठे मावळतो? उत्तर, 'धरणात.' "ह्ये उत्तर मी लई वर्सं चूक म्हणत हुतो. मग एकदा त्या पोराच्या घरी गेलतो. अंगणात बसलो. खरंच की, त्येच्या दारातनं बघितलं तर सूर्य धरणातच बुडतोय."

शेवटी त्यांनी वही मिटली. "मला एवढंच कळलंय. पोरगं चुकतंय तवा कायतरी हिशेब लावूनच चुकतंय. उगंच कोण चुकत न्हाय. त्यो हिशेब आपल्याला घावला पायजे."

टाळ्या बेतानेच पडल्या. लोकांना तक्ते लागतात. माझे हात मात्र टाळ्या वाजवायला उचललेच नाहीत. जेवणानंतर माझा निबंध होता, नाव 'चुकीतून शिक्षण', आणि त्यातली चूक मी चहाबरोबर बनवलेली. पोट दुखतंय म्हणून सांगता आलं असतं. तांबडा रस्सा होताच नाव घ्यायला. पण साहेबांनी पत्र दिलं होतं, तक्ते घाटातून सांभाळत आणले होते, आणि खरं सांगायचं तर टाळ्यांची हावही सुटत नव्हती. मी उठले आणि वाचलं. सुरेख वाचलं. "आलं लक्षात, बाई!" हे वाक्य तर मी मंदाच्या आवाजात म्हणून दाखवलं. टाळ्या गुरुजींच्या दुप्पट पडल्या.

अध्यक्षांनी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि मागच्या रांगेत काळी टोपी उभी राहिली.

"बाई, त्या पोरीला इचारलासा काय, तिला असं का वाटलं?"

प्रश्न साधा होता आणि विचारणारा त्याहून साधा. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सभागृहातली सगळी तोंडं माझ्याकडे. आणि मी म्हणाले, "विचारून काय कळणार? मुलगी मुळातच समजायला कमी आहे."

सभागृहाने माना डोलावल्या. अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात, सगळ्यांना पटलं. गुरुजी "असं व्हय" म्हणून खाली बसले.

हे लिहितानाही माझे कान तापले आहेत. त्या वर्गात मंदाइतकी चटपटीत मुलगी दुसरी नव्हती. चुकीचं उत्तर न हसता, न अडखळता सांगू शकेल अशी ती एकटीच होती, म्हणून तर मी तिला निवडलं होतं. निदान स्वतःला मी तसं सांगत होते. आदर्श पाठानंतर तिने वर्गात हात वर करणंच सोडलं होतं. ते मी पाहिलं होतं, आणि थंडीचे दिवस आहेत, मुलं आळसावतात, असं मनाशी म्हटलं होतं.

संध्याकाळी फाटकापाशी गुरुजींनी मला गाठलं. हातात वही उघडलेली. "बाई, रागावू नगासा. तुमच्या त्या पोरीची चूक माझ्या वहीत घालू काय? एवढ्या वर्सांत असली चूक मला घावली न्हवती. नाव काय म्हनलासा तिचं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी भिंतीला वही टेकवून पेन्सिलीने लिहिलं. मंदा. चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन्न. दोनशे सत्त्याऐंशी. शेवटचा रकाना मोकळा ठेवला. "ह्येचा मी इचार करतो," म्हणाले, आणि माझे आभार मानून गेले.

नृसिंहवाडी

तिसऱ्या दिवशी परिषदेने सगळ्यांना वाडीला न्यायचं ठरवलं होतं. मी बसमध्ये अगदी पुढे, बायकांच्या मध्ये बसले. मुजावर गुरुजी मागे होते. दोन्हीकडे तोडणीला आलेला ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, आणि बसमध्ये तो गोड, करपट वास. कोणीतरी बस थांबवायला लावली. गुऱ्हाळवाल्याने सगळ्यांच्या ओंजळीत गरम काकवी ओतली आणि "पावणं, भाजंल, जपून," असं सगळ्यांचं भाजून झाल्यावर सांगितलं. एरवी अशा गोष्टीवर मी दिवसभर हसत राहते. त्या दिवशी मी हात धुवायच्या निमित्ताने बसच्या पलीकडे गेले, कारण गुरुजी माझ्याच दिशेने येत होते.

वाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. दत्ताच्या पादुकांपुढे गर्दी होती, पण रेटारेटी नव्हती. पावसाळ्यात नदी देवळात शिरते, तेव्हा देव वर हलवतात आणि पाणी उतरलं की परत आणतात, असं एका पुजाऱ्याने अगदी घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. आमच्याकडे पुराने देऊळ भरलं तर लोक हवालदिल होतात, इथे देवाला नदी भेटायला आली म्हणून आनंद करतात. दर्शन घेऊन, कवठाची बर्फी विकत घेऊन मी घाटावर आले, आणि पायऱ्यांवर गुरुजी बसलेले दिसले. मांडीवर वही, पुढे दगडी पायरीवर चिंचोके मांडलेले.

पळता आलं असतं. पण त्यांनी मला पाहिलं होतं आणि सरकून जागाही केली होती. "या, बसा बाई. तुमच्या मंदानं मला काल लई दमवलं."

त्यांनी मला पान दाखवलं. चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन्न, सात-आठ तऱ्हांनी करून पाहिलेलं. उलटं वजा करून, बेरीज करून, शून्य सोडून, हातचा विसरून. "बगा. एककाच्या घरात बरोबर केलं तर पाच येतंय. उलटं काढलं तरी पाचच येतंय. बेरीज केली तर एक. सात कुठनंच येत न्हाय. पोरीनं सात आणलं कुठनं?" त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुमी म्हनलासा, पोरगी कमी हाय. मला पटंना. कमी पोरगं बी उगंच चुकत न्हाय. तिच्या डोस्क्यात कायतर हाय, आपल्याला घावंना झालंय."

चिंचोक्यांचे ढीग किती नीट लावले होते! त्या माणसाने माझ्या मंदाला समजून घेण्यासाठी केवढा खटाटोप केला होता, आणि मी तिची रोजची बाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या वेळी ते तिखटाचं नव्हतं.

"गुरुजी, सात मी आणलं," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. तालीम, चहा, मागचे बाक, 'मला येतं उत्तर', सगळं. सांगताना मी नदीकडे बघत होते. पलीकडच्या काठावर वांग्यांच्या मळ्यात बायका वाकून काम करत होत्या, त्यांच्याकडे बघत बोलणं सोपं जात होतं. बोलणं संपलं. मला वाटलं, गुरुजी उठून जातील. जायला हवं होतं.

त्यांनी चिंचोके एकेक करून कोटाच्या खिशात भरले. मग वही मांडीवर घेतली आणि 'मंदा' ह्या नावावर एक रेघ मारली, हलकी नाही, चांगली दाबून.

"तुमचं पुरं नाव काय, बाई?"

मी सांगितलं. मंदाच्या नावाच्या वर त्यांनी माझं नाव लिहिलं, गावासकट. बाकीच्या दोन रकान्यांना हात लावला नाही. पेन्सिल शेवटच्या रकान्यावर नेऊन ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वर्गातल्या पोराकडे ते असंच बघत असणार.

"हं. सांगा. असं का वाटलं?"

"साहेबांना पाठ खरा वाटावा म्हणून."

त्यांनी लिहिलं. "आन् ह्याच पोरीला का सांगितलासा?"

"ती न हसता सांगते म्हणून."

पेन्सिल हलली नाही. ते वाट पाहत राहिले. मुलांचं खरं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि वीस वर्षं शिकवून मलाही ठाऊक असायला हवं होतं.

"वर्गात वकिलांचा मुलगा आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांची मुलगी आहे. त्यांना चुकायला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरचे शाळेत आले असते. मंदाची आई काजूच्या कारखान्यात जाते. तिच्याकडून कोणी विचारायला येणार नव्हतं."

हे मी त्याआधी कोणाजवळ बोलले नव्हते, स्वतःजवळही नाही. गुरुजींनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. रकाना पुरला नाही, तर उरलेलं समासात उभं लिहिलं.

"बसला बगा हिशेब," ते म्हणाले. मग वही मिटताना विचारलं, "पोरीला सांगितलासा?"

"नाही."

"मग माझ्या वहीत लिवून तिला काय उपेग?"

एवढं बोलून ते उठले आणि पायऱ्या उतरून नदीवर तोंड धुवायला गेले. परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम मागे, त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले. त्यांनी पाऊस किती पडतो, भात कसं आलं, मुलांना धरणापलीकडून होडीने कसं यावं लागतं ते सांगितलं. माझ्या चुकीबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. कोल्हापुरात उतरताना मी कवठाची बर्फी त्यांच्या पोरांसाठी दिली. त्यांनी ती घेतली, आणि मला फार बरं वाटलं.

आक्काताईंना मी निघताना सांगितलं, की तक्त्यावरची मुलगी येडी नाही, ते उत्तर माझं होतं. "आगं बया," म्हणाल्या, "आन् तुमाला ह्यासाठनं पगार देत्यात व्हय?" मग गुळाची ढेप पिशवीत घालून वर म्हणाल्या, "आता जावा आन् निस्तरा."

घरी

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर तेच गणित लिहिलं. वर्गाला सांगितलं, की आदर्श पाठाच्या दिवशी मंदाला बरोबर उत्तर येत होतं. चुकीचं उत्तर तिला मी सांगायला लावलं. ती माझी चूक होती आणि मी तिची माफी मागते. कोणालाही सत्त्याऐंशी म्हणायचंच असेल तर ह्यापुढे मला म्हणा. दोघे-तिघे हसले, मग मी हसत नाही हे पाहून गप्प झाले. कोल्हापुरात तिला समजायला कमी म्हटल्याचंही मी सांगणार होते. पण ते तोंडाबाहेर पडलं नाही. तेवढं ती मोठी होऊन हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

मंदा बाकावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं. "अजून रागावलीस का गं?"

"नाही बाई."

"मग?"

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "मला ठाऊकच होतं, बाई. मला येत होतं ते. पण त्या दिवशी आई आलेली. मागं दाराशी उभी होती, कामावरनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन. तिला वाटतं मला येत नाही. ती म्हणते, चौथी झाली की बस. माझ्याबरोबर कारखान्यात चल. ज्याला येत नाही त्याला शिकवून काय करायचं."

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"सांगितलं. ती म्हणाली, बाईंच्या समोर चुकलीस, आता खोटं बोलू नको."

शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही, तशीच मंदाबरोबर निघाले. गावाबाहेरच्या वाडीच्या टोकाला त्यांचं घर. ती सगळा रस्ता माझ्या दोन पावलं मागे चालत होती. अंगणात तिची आई भांडी घासत होती. बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली. मला पाहिल्यावर ती घाईघाईने उठली, पदर सारखा केला, ओटीवरची गोधडी झटकून बसायला जागा केली. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या मंदाकडे तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"आता आणि काय चुकलं हिचं, बाई?" ती म्हणाली.